मड्डमचे तीन दात

मड्डम आमच्या घरात आली तेव्हाच जुनी होती. माझी आजी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात परिचारिका होती. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली उभारलेलं हे हॉस्पिटल. स्वातंत्र्यानंतर लगेचच तिथलं एक अमेरिकन कुटुंब मायदेशी परत निघालं. सामान वाटून टाकताना त्या घरच्या बाईंनी आजीला विचारलं, तुला काय हवं? आजीला हवं होतं शिवणयंत्र. ते आधीच कुणाला तरी देऊन झालं होतं, म्हणून मग ही बाहुली मिळाली. शिवणयंत्राची हळहळ आजीला शेवटपर्यंत होती, आणि तरी बाहुलीवरची धूळ ती कुणाला पुसू देत नसे.

खुर्चीवर बसलेली वीतभर उंचीची बाई. चिनी मातीचं, झिलई न केलेलं, माणसाच्या कातडीसारखं मंद तोंड. काचेचे डोळे. मांडीवर मँडोलिन. खुर्चीखाली लाकडी पेटी आणि पेटीच्या मागे चावी. चावी दिली की मान सावकाश वळायची, उजवा हात तारांवरून खाली-वर व्हायचा आणि पेटीतून एक धून वाजायची. आजी तिला मड्डम म्हणायची, म्हणून आम्ही सगळेच म्हणायचो.

त्या धुनेत पाच जागा होत्या, जिथे हात फिरायचा पण आवाज यायचा नाही. आम्हा मुलांना वाटे, धूनच तशी आहे. त्या पाच जागांवर टाळ्या वाजवायचा आमचा खेळ होता. टाळी चुकेल तो बाद.

वाद्यपेटीचं यंत्र तसं साधं असतं. चावीनं स्प्रिंग आवळली जाते आणि ती उलगडताना पितळी नळकांडं फिरवते. नळकांड्यावर केसासारख्या बारीक खिळ्या ठोकलेल्या असतात आणि शेजारी पोलादी फणी बसवलेली असते. खिळी दाताखाली येते, त्याला उचलते, सोडते. दात थरथरतो, तो स्वर. आखूड दात वरच्या स्वरांचे, लांब दात खर्जाचे. खर्जाचा दात आणखी खाली उतरावा म्हणून त्याच्या पोटाला शिसं लावतात आणि ते खरवडून सूर मिळवतात. मिरजेत कानस घेऊन तंबोऱ्याची जवारी लावणारे कारागीर ज्यानं लहानपणी पाहिलेत, त्याला हे काम परकं वाटत नाही. पोलादाच्या पात्यांतून सूर काढायची ही युक्ती जिनिव्हाच्या आंत्वान फाव्र या घड्याळजीनं १७९६ साली मांडली. पुढे स्वित्झर्लंडमधलं सेंत-क्र्वा हे डोंगरातलं गाव अशा पेट्यांवर पोसलं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या मारे भागात व्हिशी, लांबेर, रूले-देकां अशा कारखानदारांनी त्या पेट्यांवर नाचणाऱ्या, वाजवणाऱ्या, पंखा हलवणाऱ्या बाहुल्या बसवल्या. आमच्या मड्डमवर कुणाचंच नाव नव्हतं. मानेमागे एक आकडा होता, तोही पुसट.

या यंत्रात आणखी एक भाग असतो, नखाएवढा पंखा. तो हवा कापत फिरतो आणि वेग आवरून धरतो. पंखा निघाला तर आवळलेली स्प्रिंग एका क्षणात सुटते, नळकांडं भणाणत फिरतं, खिळ्या वाकतात आणि दात मोडतात. एकदा मोडलेला दात परत येत नाही. मड्डमच्या फणीला तीन दात नव्हते. टाळ्यांच्या पाच जागा त्यांच्या होत्या.

आजी गेल्यावर मड्डम माझ्याकडे आली. २०१४ साली आम्ही सांगानेरला राहायला आलो. जयपूरचा विमानतळ इथे आहे आणि नवऱ्याचं काम तिथं. अनुवादकाला काय, टेबल असलं की झालं. इथली सकाळ ठशांच्या आवाजानं सुरू होते. लांब टेबलावर ताणलेलं कापड, रंगात बुडवलेला लाकडी ठसा, तो जागेवर ठेवून वरून मुठीचा ठोका. एका फुलासाठी रेषेचा ठसा वेगळा, भरायचा वेगळा, पार्श्वभूमीचा वेगळा. हे काम करणारे छिपे स्वतःला नामदेवांचे म्हणवतात. पंढरपूरच्या शिंप्याचं नाव सांगानेरच्या गल्लीत पहिल्यांदा ऐकलं तेव्हा स्टेशनावर कुणी घ्यायला यावं तसं वाटलं होतं.

सामान उतरवलं, मड्डमला चावी दिली, तर चावी नुसतीच फिरत राहिली. स्प्रिंग तुटली होती. चौकशी करत मी जुन्या शहरातल्या एका घड्याळजीकडे गेले. मान वर न करता त्यानं बाहुली हातात घेतली. मी म्हटलं, ‘चालू करून द्या.’ एवढंच म्हटलं.

आठ दिवसांनी गेले तेव्हा त्यानं मोठ्या आनंदानं चावी दिली. मान वळली, हात हलला आणि पेटीतून बेथोव्हनचं ‘फ्यूर एलिझे’ वाजलं. फोनवर थांबवून ठेवतात तेव्हा वाजतं ते. कुठेही खंड नाही. पेटीत अठरा दातांचं चकचकीत जपानी यंत्र बसवलं होतं.

‘लीजिए, अब पूरा बजाएगी,’ तो म्हणाला.

‘आणि जुनं?’

‘वो तो पीतल में गया.’

मी त्याच्याशी भांडले नाही. भांडायला जागाच नव्हती. मी सांगितलं तेच त्यानं केलं होतं. त्यानं भंगारवाल्याचा पत्ता दिला. तिथं दोन पोती उपसली. नळाच्या तोट्या, कुलपांची पोटं, देवघरातल्या समया, दरवाज्यांच्या कड्या. माझ्या मुठीत मावेल एवढं नळकांडं त्यात नव्हतं. कदाचित आधीच वितळलं होतं. रिक्षातून परत येताना मी ती धून गुणगुणायचा प्रयत्न केला आणि अर्ध्यावर एलिझेत शिरले. आठ दिवसांपूर्वी मला ती येत होती.

त्यानंतर मी बाहुल्या जमवू लागले. लोक विचारतात हा छंद कसा लागला, तेव्हा मी काहीतरी दुसरं सांगते. खरं कारण एवढंच, की एका कारखान्यातून एकाच धुनेची अनेक यंत्रं बाहेर पडायची. मड्डमच्या यंत्राचं भावंडं कुठेतरी असेल असा हिशेब होता. मुंबईच्या चोरबाजारातली मटन स्ट्रीट, पुण्याचा जुना बाजार, जयपूरची दुकानं असं फिरत दहा वर्षांत सात बाहुल्या झाल्या. छत्रीवाली, झोपाळ्यावरची, पियानोपुढे बसलेली आणि एक माकड, जे बाहुलीत धरावं की नाही हे मी अजून ठरवलेलं नाही. सातही धुना वेगळ्या.

फिरता फिरता थोडं कळायला लागलं. चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला झगा वासावरून ओळखता येतो. अधिक चिन्हासारखी खाच असलेला स्क्रू दिसला, तर तो १९३०च्या दशकाआधीचा असूच शकत नाही, मग दुकानदार आजोबांची कितीही शपथ घेवो. आणि दुकानात कधीही आधी चावी द्यायची नाही. आधी पंखा आहे का ते बघायचं. आपल्याकडच्या १९७२च्या कायद्यानुसार अशी कलाकुसरीची वस्तू शंभर वर्षांची झाली की पुरावस्तू ठरते आणि तिला देशाबाहेर नेता येत नाही. मड्डमही त्या वयाची असावी. तिच्या पोटात दहा वर्षांचं यंत्र असताना तिचं वय काय धरायचं, हा प्रश्न मला कुणी विचारलेला नाही. मीच विचारत बसते.

संग्रह म्हणजे काय हे मी पहिल्यांदा पाहिलं ते पुण्याच्या केळकर संग्रहालयात. आत्या घेऊन गेली होती. दिव्यांची, अडकित्त्यांची, वाद्यांची, बाहुल्यांची दालनं पाहून मी विचारलं, एवढं सगळं एका माणसानं कशाला जमवलं? आत्यानं पाटीवरच्या नावाकडे बोट दाखवलं. दिनकर केळकरांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. संग्रहालय त्याच्या नावाचं आहे. वीस हजारांवर वस्तू जमवून १९७५ साली त्यांनी त्या सरकारच्या स्वाधीन केल्या. तेव्हा मला उत्तर मिळालं असं वाटलं नव्हतं. माझं दुःख त्यांच्या दुःखाशेजारी ठेवण्याच्या लायकीचं नाही, हे मला कळतं. पण सातवी बाहुली घरी आणली त्या दिवशी त्या पाटीची आठवण झाली.

घड्याळजीवर मला रागावता आलं नाही, त्याला आणखी एक कारण आहे. त्याच्या दोन वर्षं आधी मी एका बाईंच्या आठवणींचा अनुवाद केला होता. त्या लिहिणाऱ्या नव्हत्या. मुलीनं ध्वनिमुद्रण करून ते हिंदीत उतरवलं होतं. बोलता बोलता त्या अर्ध्या वाक्यात थांबत. मुलीनं ती वाक्यं तशीच छापली होती. मला वाटलं, मराठी वाचकाला हे अडखळेल. संदर्भावरून अर्थ स्पष्ट होता, मी वाक्यं पुरी केली. पुस्तकाचं कौतुक झालं, ‘अनुवाद वाटतच नाही’ असं म्हणतात तसलं. मग मुलीचा फोन आला. तिनं कुणाकडून तरी मराठी वाचून घेतलं होतं. ती शांतपणे म्हणाली, ‘तिथं आई गप्प झाली होती. तुम्ही का बोललात?’

ती प्रत अजून बाजारात आहे. दुसरी आवृत्ती निघाली तर मी वाक्यं परत तोडीन, असं तिला सांगितलंय. आवृत्ती निघालेली नाही.

इथल्या कठपुतळीच्या खेळात सूत्रधार तोंडात एक छोटी शिट्टी धरतो. ती बोली. बाहुल्या त्या शिट्टीतून चिरक्या आवाजात बोलतात. प्रेक्षकांना त्यातलं काही कळत नाही, म्हणून ढोलकवर बसलेली बाई बाहुलीचं बोलणं माणसांच्या भाषेत सांगते. पहिल्यांदा खेळ पाहिला तेव्हा मी दोऱ्यांकडे बघायचं सोडून त्या बाईकडेच बघत बसले. माझ्याच धंद्यातली होती. शिट्टी थांबली की ती ढोलक वाजवायची. बाहुलीच्या वतीनं स्वतःहून एक शब्द बोलली नाही.

यंत्राचं जुनं पोट राखलं तर काय होतं, याची एक गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटकडे १९२८ साली आगीत सापडलेलं, मोडकं कळसूत्री बाहुलं आलं. देणाऱ्या कुटुंबाची समजूत होती, की ते मेल्झेल नावाच्या कारागिरानं बनवलंय. तिथल्या माणसांनी ते दुरुस्त केलं, हातात लेखणी दिली, कळ सोडली. बाहुलं चित्रं काढू लागलं, कविता लिहू लागलं. आणि एका कवितेखाली त्यानं फ्रेंचमध्ये लिहिलं, की हे मायार्देच्या बाहुल्यानं लिहिलं आहे. बनवणाऱ्याचं नाव विसरलं गेलं होतं, पितळी चकत्यांच्या कडांवरच्या उंचसखल खाचांत ते टिकलं होतं. दुरुस्त करणाऱ्यानं ‘चालू करून द्यायचं’ म्हणून त्या चकत्या बदलल्या असत्या, तर बाहुलं लिहायला लागलं असतं आणि मेल्झेलचंच राहिलं असतं.

आपल्याकडे भोजराजाच्या नावावरच्या ‘समरांगणसूत्रधार’ या अकराव्या शतकातल्या ग्रंथात यंत्रांवर एक पूर्ण अध्याय आहे. दिव्यात तेल घालणाऱ्या, तालावर नाचणाऱ्या बाहुल्या त्यात आहेत. त्या काय करतात ते आहे. कशा करायच्या ते पुरतं सांगितलेलं नाही. आणि ग्रंथकार स्वतःच बजावतो, की हे अज्ञानामुळे नाही, गुपित राहावं म्हणून गाळलंय. ज्या भोजाला सिंहासन बत्तिशीतल्या बाहुल्या एकेक गोष्ट सांगून सिंहासनापासून रोखतात, त्याच्याच नावावर हा ग्रंथ असावा याची मला गंमत वाटते. कुणी या अध्यायाचा अनुवाद करायला घेतला, तर गाळलेली जागा आपल्या अंदाजानं भरण्याचा मोह त्याला होईलच. मला तर पहिला होईल.

आमच्या गल्लीत एक म्हातारे छिपा आहेत. त्यांच्याकडे भिंतभर जुने ठसे मांडलेत. काहींच्या कडा झिजल्या आहेत, एकाच्या फुलाची पाकळी उडाली आहे. मी विचारलं, नवा ठसा करताना पाकळी तुटलेलीच ठेवता की पुरी करता? ते म्हणाले, गिऱ्हाइकाला पुरी हवी असते, आम्ही पुरी करतो. मग हा जुना का ठेवलाय? ते माझ्याकडे पाहत राहिले, जणू मी मुलाला का ठेवलंय असं विचारलं. ‘नया इसी से तो निकला है,’ ते म्हणाले. नव्यात काही चुकलं तर बघायचं कुठे?

त्या संध्याकाळी मी मिरजेला आत्याला फोन केला. दहा वर्षं मी तिला सांगितलं नव्हतं. ती विचारायची, मड्डम कशी आहे. मी म्हणायचे, कपाटात आहे. आत्या ऐंशीची आहे, तिला कशाला त्रास, असं मी स्वतःला समजावलं होतं. आता सगळं सांगितलं. घड्याळजी, पितळ, पोती, एलिझे.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘अगं, ते दात मीच मोडले होते.’

सात वर्षांची होती. मड्डम फार सावकाश वाजवते म्हणून तिला जोरात वाजवायला लावायचं होतं. पेटीचं झाकण उघडून पाहिलं, आत पंखा गरगरत होता. यानंच अडतंय असं वाटून तो उपटला. ‘असा आवाज आला म्हणून सांगू, मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा. आणि मग गप्प.’ तिनं झाकण लावून ठेवलं. आजोबांनी कुणाकडून तरी नवा पंखा बसवून आणला. दात कुणी मोडले हे कधीच विचारलं गेलं नाही. लाकडाला बुरशी लागली, दमट हवेनं गेले, असं घरात ठरलं. ‘आईला सांगायचं राहून गेलं. तुम्ही पोरं त्या जागांवर टाळ्या वाजवायचात ना, तेव्हा मी आत निघून जायचे.’

मी म्हटलं, ‘मोडण्याआधी तिथं काय वाजायचं, आठवतं तुला?’

‘नाही गं. मोडल्यानंतरचंच आठवतं. रोज ऐकत होते ना, कुणाला कळतंय का म्हणून.’

आणि तिनं ती धून गुणगुणली. थेट, पहिल्यापासून, पाचही जागा सोडत.

मी फोनवर ते ध्वनिमुद्रित करून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी लिहायला बसले. मिरजेत वाढलेल्या मुलीला भातखंडे पद्धतीनं स्वरलेखन येतं. पण अडचण आली. त्या पद्धतीत आडवी रेघ काढली, तर आधीचा स्वर लांबवायचा असा अर्थ होतो. मला स्वर लांबवायचा नव्हता. तिथं स्वर नव्हता. शून्य काढावं, तर ती खालीची खूण. शेवटी मी पाच ठिकाणी रिकामा चौकोन काढला आणि कागदाच्या तळाशी लिहिलं: इथे दात मोडला आहे, मागचा स्वर ओढू नये.

इथल्या एका गाणं शिकवणाऱ्या बाईंना कागद दाखवला. त्यांनी एकदा गाऊन पाहिलं आणि सहज म्हणाल्या, या जागा भरता येतील की. इथं गंधारच येणार, दुसरं काय येणार? त्यांचं बहुधा बरोबर असेल. गंधार कागदावर लिहायला माझा हात तयार झाला नाही. परदेशात हव्या त्या धुनेचं नळकांडं खिळे ठोकून बनवून देणारे कारागीर आहेत, महाग आहेत पण आहेत. त्यांना कुठला कागद पाठवायचा, चौकोनांचा की गंधाराचा, हे ठरत नाही, म्हणून तेही राहिलंय.

जपानी यंत्र मी काढून घेतलं. कापडी पिशवीत घातलं, वर तारीख लिहिली. ते काही फेकायचं नाही. दहा वर्षं मड्डमच्या पोटात होतं, त्याचाही आता इतिहास झाला. पेटी रिकामी आहे. सात बाहुल्यांच्या मधोमध मड्डम मँडोलिन धरून बसलेली असते आणि पाहुण्यांची मुलं आली की नेमकी तिचीच चावी शोधतात.

परवा आत्याला हे सगळं वाचून दाखवलं. चौकोनांचं ऐकून तिला हसू आलं. मग म्हणाली, ‘तिला आता नवे दात बसवू नकोस बाई. मी तरी कुठे बसवलेत?’ ती कवळी वापरत नाही, पेल्यात ठेवलेली असते. मी म्हटलं, एकदा पुन्हा म्हणून दाखव, कागदाशी पडताळून बघते. तिनं गुणगुणायला सुरुवात केली. मी बोट ठेवून एकेक स्वर पाहत गेले. पहिला चौकोन, दुसरा. तिसऱ्यापाशी ती थोडी आधीच थांबली.